सतरावा मुक्काम

माझ्या दुकानात बायका मापाला उभ्या राहिल्या की बोलायला लागतात. आता फोन समोर धरला की अंगाचं माप आपोआप निघतं आणि शिवलेला कपडा घरपोच येतो, तरी गडहिंग्लजच्या निम्म्या बायका ब्लाउज घेऊन माझ्याकडेच येतात. माप हा बहाणा असतो. त्यांना ऐकायला कुणीतरी हवं असतं.

डॉ. तहसीन शिकलगार मात्र मोजकं बोलायच्या. त्या कोल्हापूरला एका जनुक-प्रयोगशाळेत कामाला होत्या आणि सुट्टीला माहेरी आल्या की एखादं ब्लाउज टाकून जायच्या. त्या दिवशी त्या हात पसरून उभ्या होत्या आणि तोंड माझं चाललं होतं. माझ्या अधिराजचं लग्न ठरलंय, मुलगी माझ्या सख्ख्या भावाचीच, शिवांजली. मामाची मुलगी आमच्यात हक्काची. शिवाय सगळं जुळून आलंय : रास, गण, नाडी, देवक, मुक्काम.

“मुक्काम कोणते?” त्यांनी विचारलं.

“पोराचा सहावा, पोरीचा सतरावा. वेगळे आहेत, म्हणजे प्रश्नच मिटला.”

“आणि तुमचा?”

“आमचा सहावाच की.”

“तो तुमच्या मिस्टरांचा झाला, शैलजाताई. तुमचा स्वतःचा कोणता?”

“लग्न झाल्यावर बाईचा वेगळा कुठला राहतो?”

त्यांनी पसरलेले हात खाली घेतले आणि स्टुलावर बसल्या. माप अर्धंच राहिलं.

आता मुक्काम म्हणजे काय, ते मला जेवढं कळलंय तेवढं सांगते. मला फार कळलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पाच-सहा वर्षांपूर्वी नव्या बाळांची जनुकं वाचायला सुरुवात झाली, तेव्हा आपल्या भागातल्या बऱ्याच घराण्यांत एका विषाणूचा तुकडा सापडला. दख्खन विषाणू असं त्याचं नाव ठेवलं. कधीतरी आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळात त्याची साथ येऊन गेली असावी. साधा ताप आला असेल, कुणी लक्ष दिलं नसेल. विषाणू गेला, तुकडा राहिला. प्रत्येक घराण्यात तो वेगळ्या जागी बसलेला होता. त्या जागेला शास्त्रज्ञांनी लांबलचक नाव दिलं होतं, लोकांनी मुक्काम म्हणायला सुरुवात केली.

मग आमच्या समाजातल्या एका घरी बाळ जन्मलं. नवरा-बायको दोघंही एकाच मुक्कामाचे. ते बाळ मान धरू शकलं नाही, कधी हसलं नाही, आणि दोन वर्षांच्या आतच गेलं. मी त्याला मांडीवर घेतलेलं आहे. तेव्हापासून आमच्या विवाह मंडळाने नियम केला : एका मुक्कामात लग्न नाही. एका देवकाची मुलं जशी भावंडं, तशीच एका मुक्कामाचीही. नियम सगळ्यांना झटकन पटला, कारण तो ओळखीचा होता. घरातल्या एका कर्त्या पुरुषाची चाचणी करायची, त्याचा मुक्काम तो घराचा मुक्काम. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं देवक बदलतं, तसा मुक्कामही बदलायचा. मंडळ नवा दाखला द्यायचं. आमच्यासारख्या जुन्या सासुरवाशिणींनाही नवे दाखले मिळाले. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे माझा धाकटा भाऊ दौलत, शिवांजलीचा बाप. माझ्या दाखल्यावर त्याचीच सही आहे.

दाखल्यांचं हे सगळं माझ्याकडून ऐकून तहसीन डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

“आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो,” त्या म्हणाल्या. “लांब धाग्यासारखा. शरीर कसं घडवायचं, कसं चालवायचं, याच्या सूचना त्यावर असतात. साधा सर्दीचा विषाणू पेशीत शिरतो, धुडगूस घालतो आणि जातो. हा रेट्रोव्हायरस आहे. त्याच्या स्वतःच्या सूचना आरएनए नावाच्या वेगळ्या धाग्यावर असतात. पेशीत शिरल्यावर तो त्यांची उलटी नक्कल करून डीएनए बनवतो. मग त्याच्याजवळचं एक रसायन आपल्या धाग्याला छेद देतं आणि ती नक्कल तिथे जोडून टाकतं.”

“म्हणजे शिवण उसवायची, आत एक तुकडा घालायचा आणि परत टीप मारायची.”

“अगदी. त्यानंतर पेशी दुभंगली की धाग्याबरोबर त्या तुकड्याचीही नक्कल होते. एरवी तो त्या माणसाबरोबर संपला असता. पण ज्या पेशींपासून बीज तयार होतं, त्यातच तुकडा शिवला गेला, तर तो पोरांत उतरतो. मुलांत उतरतो तसा मुलींतही उतरतो. लग्नाच्या हॉलमध्ये तो बदलत नाही.”

“मग आमच्या वडिलांचा, आप्पांचा सतरावा...”

“तुमच्या भावात आलाय. तुमच्यात आला असेल किंवा नसेल. प्रत्येक सूचनेच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. वडिलांच्या दोनांपैकी एका प्रतीत तुकडा होता. मुलाला त्यातली कुठली मिळेल, हे नाणं उडवल्यासारखं आहे. एका प्रतीत तुकडा असला तरी दुसरी काम करते, माणसाला काही होत नाही. दोन्हींत असला की ती सूचनाच वाचता येत नाही. त्या बाळाचं तेच झालं.”

“असले विषाणू माणसात असावेतच कशाला?”

“आपल्या डीएनएचा जवळजवळ बारावा हिस्सा अशाच जुन्या तुकड्यांचा आहे, ताई. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एकाची मदत घेऊनच पोटात वार तयार होते. तो नसता तर अधिराज तुमच्या पोटात वाढला नसता.”

म्हणजे विषाणू चांगला की वाईट, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तो कुठे बसलाय त्यावर आहे. माझ्या डोक्यात होता नव्हता तेवढाही उजेड गेला. एवढं मात्र लख्ख कळलं की सतरावा माझ्यात असेल, तर तो अधिराजमध्येही असू शकतो, आणि मग कदाचित माझ्या नातवालाही मान धरता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी नेसरीला माहेरी गेले. दौलत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात होता.

“दौलत, आप्पांचा सतरावा माझ्यात पण असंल का रे?”

“तू सहाव्यात गेलीस की आक्का. मीच तुझा दाखला केलाय.”

“दाखला केलास. रक्त कधी बदललंस?”

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “कुणाचं तरी ऐकून डोकं फिरवून घेऊ नकोस. देवक बदललं, कुळ बदललं, मग हे तेवढं मागं कसं राहील? आणि तू चाचणी केलीस म्हणजे अध्यक्षाच्या बहिणीचाच दाखल्यावर विश्वास न्हाई. उद्या सगळ्या सासुरवाशिणी दारात येतील. मग मी काय करू?”

परत येताना गाडीत मला उगीचच आप्पा गेले तेव्हाचं आठवत राहिलं. शेताच्या हक्कसोडपत्रावर मी सही केली होती. भांडण नव्हतं, मी आपण होऊन केली. सही झाल्यावर दौलत म्हणाला होता, आक्का, आता इथलं तुझं काही न्हाई, पण दार उघडंच हाय. त्याने ते मायेनेच म्हटलं होतं आणि तरी मला ते फार लागलं होतं. आणि आता म्हणे त्या घरातलं काहीतरी माझ्या पेशीपेशीत असेल. घाबरावं, रागवावं की खूश व्हावं, हेच मला ठरवता येईना.

चाचणी म्हणजे नुसती थुंकी द्यायची होती. आठवड्याने तहसीन डॉक्टरांचा फोन आला.

“सतरावा आहे तुमच्यात.”

लोकांना विचित्र वाटेल, पण पहिल्यांदा मला आनंद झाला. त्यानंतर अधिराज आठवला.

“आता अधिराजची करायची,” त्या म्हणाल्या. “आणि हे नीट लक्षात घ्या. त्याच्यात असला आणि मुलीतही असला, तरी लग्न मोडायची गरज नाही. गर्भ राहिल्यावर लगेच तपासता येतं. चारातल्या तीन वेळा बाळ ठणठणीतच असेल.”

हे डॉक्टरांना सोपं होतं. आमच्या मंडळाच्या हिशेबात मात्र दोघं एका मुक्कामाची निघाली की ती भावंडं. जन्मापासून ज्यांना नवरा-बायको म्हणून चिडवलं, ती एका चाचणीत भाऊ-बहीण होणार होती. मामाची मुलगी चालते आणि मामाच्याच रक्तातला तुकडा चालत नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

अधिराज ऊसतोडणी यंत्रांच्या कंपनीत होता. दिवसभर शेताशेतात यंत्रं दुरुस्त करत हिंडायचा. मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ ग्रीसचे हात पुसत राहिला.

“सुखानं चाललं होतं की आई. कशाला उकरून काढलंस?”

“ते बाळ मी मांडीवर घेतलंय, म्हणून.”

दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेत थुंकी देऊन आला.

त्याचा निकाल आला तो भर दुपारी, दुकानात तीन बायका असताना. सतरावा नाही. मी शिलाई मशीनवर डोकं टेकून रडले आणि त्या तिघींना काय झालं ते कळेना. संध्याकाळी शांतपणे रिपोर्ट पुन्हा वाचला, तेव्हा खालची ओळ दिसली. सहावाही नाही. अधिराजमध्ये कुठलाच तुकडा नव्हता.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. “मिस्टरांचीही बिनतुकड्याची प्रत आली त्याला. दोन नाणी उडवली, दोन्ही वेळा छापा. होतं असं.”

मला ते पटलं. पण आमच्या समाजात मुक्काम बापाकडून येतो. बापाचा सहावा आणि पोरगा मोकळा, याचा लोक एकच अर्थ काढणार होते, आणि तो माझ्या नावावर जमा होणार होता.

रात्री जेवताना मी प्रतापरावांना सगळं सांगितलं. माझा नवरा गरीब स्वभावाचा, भांडण नको म्हणून चहात साखर कमी पडली तरी न बोलणारा. त्यांनी नाण्याचं गणित दोनदा ऐकून घेतलं.

“कळतंय गं,” ते म्हणाले. “पण म्हणजे माझं त्याच्यात काहीच न्हाई?”

“असं कसं? निम्मं तुमचंच आहे. तुकडा तेवढा आला नाही. आणि घोरतो कुणासारखा?”

ते हसले. पण जरा उशिराच. तो उशीर मला झोपू देईना.

हे सगळं घरातच राहिलं असतं. मंडळाच्या दाखल्यावर सहावा आणि सतरावा होते, ते तसेच ठेवून लग्न लागलं असतं आणि बाळही चांगलं निपजलं असतं. पण प्रयोगशाळेत अधिराजला कुणीतरी पाहिलं आणि शैलजाताई पोराची चाचणी करतायत, म्हणजे पोरात सतरावा असणार, असं नेसरीपर्यंत पोचलं. सुपारी फोडायला आम्ही दौलतच्या घरी जमलो, तेव्हा सोप्यात बसलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर तेच होतं. मंडळाचे चिटणीस नाना शितोळे मधोमध बसले होते. समोर ताटात सुपारी, हळद-कुंकू, नारळ.

दौलत उठून उभा राहिला. “आक्का, लोक म्हणायल्यात पोरगं सतराव्यातलं हाय. तसं असंल तर ही भावंडं झाली, सुपारी फुटायची न्हाई. चाचणी तू केलीस, आता रिपोर्ट तूच दाखव.”

त्याला खात्री होती की रिपोर्टात सहावा निघेल, डॉक्टरीण खोटी पडेल आणि विषय संपेल. मी नाही म्हटलं असतं तर लग्न तिथेच मोडलं असतं. मी फोन नानांच्या हातात दिला.

नानांनी चष्मा लावला. “सतरावा न्हाई,” ते म्हणाले. सोप्यात सगळे सैलावले. मग नानांचं बोट खाली सरकलं आणि थांबलं.

“सहावा पण न्हाई.” त्यांनी चष्मा काढला. “प्रतापराव, तुमचं घर सहाव्याचं. मग पोरगं मोकळं कसं?”

पुढे विचारायची गरजच नव्हती. माजघराच्या दारातल्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बघायचंच सोडून दिलं. मला सगळं सांगता येत होतं, दोन प्रती, नाणं, छापा. पण त्या सोप्यात ते कोण ऐकून घेणार होतं? अधिराज मान खाली घालून उभा होता.

“पोरगं माझं हाय,” प्रतापराव म्हणाले.

“जरा मोठ्यानं बोला,” नाना म्हणाले.

“माझं हाय म्हटलं की.” त्यांचा आवाज कापत होता, पण सोप्यात सगळ्यांना ऐकू गेला. आमच्या संसारात त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं.

“तुम्ही म्हणताय ते खरं असंल,” नाना म्हणाले. “पण नियमाचं काय करायचं?”

तेवढ्यात शिवांजली माजघरातून बाहेर आली. ती जनावरांची डॉक्टर आहे, गावातल्या निम्म्या म्हशी तिच्या हाताखालून गेल्यात, त्यामुळे माणसांना ती फारशी भीत नाही. तिने स्वतःचा फोन सुपारीच्या ताटात ठेवला.

“नाना, हा पण वाचा.”

“तुझं काय काम हितं, पोरी?”

“अधिराजनं सांगितल्यावर मीही चाचणी केली होती. वाचा.”

नानांनी पुन्हा चष्मा लावला. त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं, मग दौलतकडे पाहिलं, मग परत वाचलं.

“काय लिहिलंय?” दौलतने विचारलं.

“सतरावा... न्हाई.”

“बाबांमध्ये सतरावा आहे,” शिवांजली म्हणाली. “मंडळाचा दाखला आहे तसा. मी मोकळी. मग मी कुणाची, तेही ठरवून टाका की आजच.”

माझी वहिनी कल्पना दारातच उभी होती. दौलतने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. अगदी एक क्षण. तो विचार त्याच्या डोळ्यात आला आणि गेला. पण तिने तो पाहिला, मीही पाहिला. हातातलं तबक कल्पनाने खाली ठेवलं आणि आत निघून गेली.

“बाबा,” शिवांजली म्हणाली, “म्हशीला रेडा निवडताना तुम्ही दोन्हीकडचं दूध विचारता. माणसाच्या वेळी आईकडचं कसं विसरता?”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दौलत खुर्चीवर बसला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“तू माझी हायस,” तो म्हणाला.

“आणि अधिराज?”

“प्रतापरावांचा.” मग तो नानांकडे वळला. “फोडा सुपारी.”

“दाखल्यावर काय लिहू, अध्यक्ष?”

“तुम्ही फोडा आधी. दाखल्याचं मी बघतो. पहिल्यांदा बायकांच्या चाचण्या करून घेऊ. आमच्या घरापासनं.”

नानांना ते काही पटलेलं दिसलं नाही. पण त्यांनी सुपारी फोडली.

जेवणं झाली, मंडळी पांगली. मी परसदारी पायरीवर बसले होते. दौलत येऊन बसला. लहानपणी बसायचा तसा, खालच्या पायरीवर.

“तुझ्यात हाय म्हणे सतरावा.”

“हाय.”

तो बोटांवर काहीतरी मोजत होता. आप्पा एकुलते होते. आम्ही दोघंच भावंडं. मला एक मुलगा, त्याला एक मुलगी.

“पोरांत न्हाई,” तो म्हणाला. “मग आप्पांचा सतरावा आता आपल्या दोघांतच उरला.”

“दोघांतच. आपल्यानंतर संपला.”

“चांगलंच झालं म्हणायचं ना? पोरांना त्रास न्हाई.”

“चांगलंच झालं.”

त्याच्या डोळ्यात पाणी आलं आणि माझ्याही. कशासाठी, ते विचारू नका. एका विषाणूचा तुकडा, त्याने कुणाचं भलं केलं नव्हतं, तो जाणार हीच चांगली बातमी. तरी आम्ही दोघं रडलो. आप्पांच्या मागे त्या घरात माझं काही उरलं नव्हतं असं इतकी वर्षं मानून चालले होते, आणि जे उरलं होतं ते मला आणि दौलतला सारखंच मिळालं होतं.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. कल्पना एकटीच आवरत होती. दौलतने तिकडे कान दिला.

“मगापासनं एक शब्द बोलली न्हाई माझ्याशी,” तो म्हणाला. “आक्का, तू सांग की तिला. म्हणावं, माझ्या मनात तसलं काही नव्हतं.”

“पण होतं, दौलत.”

त्याने मान खाली घातली.

“मी तेच आज सोप्यात सोसलं,” मी म्हटलं. “माझ्या नवऱ्यानं निदान तोंड उघडलं. तुझं तूच सांग तिला.”

तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि आत गेला. आत भांड्यांचा आवाज थांबला.